पायउतार

घोडे दिसले तेव्हा म्हातारा गंग तांबड्या दरवाज्यापुढची पानं झाडत होता. त्यानं खराटा भिंतीला टेकवला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

बायको खोपटातून धावत आली. हातात अक्रोड फोडायचा दगड तसाच.

"अहो, डोंगरात चला. बाकीचे रखवालदार केव्हाच पळाले. तुम्हीच कोण मोठे लागून गेलात?"

"मीही गेलो तर दारात कोण?"

"ती आहे की." तिनं रस्त्याकडेच्या उंच शिळेकडे बोट केलं. 'अधिकारी असो वा कुणी, इथं पायउतार व्हावं,' एवढंच त्या शिळेवर कोरलेलं होतं.

"वाचणाऱ्याला ती सांगते. न वाचणाऱ्याला मी सांगतो."

तिनं कपाळावर हात मारला आणि ती आत गेली.

दरवाज्यापलीकडे, डोंगरांच्या कुशीत, मिंग घराण्याचे राजे आपापल्या समाध्यांत निजले होते. या वसंतात राजधानी पडली. शेवटच्या राजानं गळफास घेतला. आता गादीवर उत्तरेच्या मोठ्या भिंतीपलीकडून आलेले मांचू होते, आणि आपल्या घराण्याला ते छिंग म्हणवत.

तुकडी गंगच्या पुढ्यात येऊन थांबली. पुढचा सरदार डोकं अर्धं भादरलेला, पाठीवर शेपटा. वेष मांचूंचा, बोली मात्र इथलीच, पूर्वेकडच्या हेलाची. निंग त्याचं नाव.

"बाजूला हो, म्हाताऱ्या. राज्य कुणाचं आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सरकार. बाजारात दवंडी ऐकली. मिंग गेलं, छिंग आलं."

"मग?"

"मग काही नाही. इथं घोड्यावरून उतरायचं असतं."

मागून कुणीतरी खदखदून हसलं. एका स्वारानं तलवार उपसली. "साहेब, आत सोनं पुरलंय म्हणतात. याच्या बडबडीत दिवस मावळेल."

"जरा थांबा हो!"

गंगची बायको हातावर निळा अंगरखा घेऊन येत होती. सणासुदीला पूजेच्या वेळी गंग घालायचा तो. तलवारीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. "काय कापायचं ते कापा. पण हा मळका सदरा घालून यांना तिकडं राजांपुढं जाऊ देणार नाही मी. माझी लाज जाईल."

तिनं नवऱ्याच्या बाह्या सरळ केल्या, कमरपट्टा आवळला. गाठ पक्की मारली. आता कुणी हसत नव्हतं.

निंग घोड्यावरूनच वाकला. "मेलेल्यांसाठी मरतोस? तुझं मिंग संपलं रे."

"संपायचंच, सरकार. पायउतार व्हायची वेळ सगळ्यांवर येते. चिन घराण्यानं सगळी राज्यं एक केली, पंधरा वर्षांत उतरलं. हान चारशे वर्षं बसले, तेही उतरले. थांग उतरले, सोंग उतरले. मंगोल आले तेव्हा माझ्या पूर्वजांनी त्यांचे घोडे धुतले. त्यांनी सोंग राजांच्या समाध्या खणू दिल्या, हाडं उघड्यावर टाकू दिली. त्यांना काही शंभरी गाठता आली नाही." गंगनं श्वास घेतला. "उद्या तुमचाही राजा मातीत जाईल. त्याच्या दारात कसा माणूस असावा म्हणता? माझ्यासारखा, की पळून गेलेल्यांसारखा?"

नव्या राजाच्या मरणाचा उच्चार! स्वार एकमेकांकडे बघू लागले. बायकोनं डोळे मिटून घेतले.

"जीभ फार लांब आहे तुझी," निंग म्हणाला.

"मान आखूड आहे, सरकार. एका घावात होईल."

निंगचा घोडा पाय आपटत होता. निंगनं त्याच्या मानेवर थोपटलं. मग रिकिबीतला पाय काढला आणि तो खाली उतरला.

मागे वळून तो ओरडला, "बघताय काय? उतरा!"

एकेक करत सगळे उतरले. तलवारवाला सगळ्यांत शेवटी. त्याला आधी तलवार म्यान करावी लागली.

निंग दरवाज्याच्या तीन कमानींपैकी मधल्या कमानीकडे चालू लागला तसा गंग खाकरला. "तिथून फक्त राजे जातात, सरकार. तेही मेल्यावर. तुम्ही बाजूच्या कमानीतून."

निंग थबकला. मग पहिल्यांदाच हसला आणि बाजूला वळला.

आत त्यानं उदबत्ती लावली, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. कुणी कशाला हात लावला नाही. परत आल्यावर तो गंगपाशी थांबला.

"आमच्या जुन्या मांचू राजांच्या समाध्या उत्तरेला आहेत," तो म्हणाला. "तिथं कोण उभं असतं, मी कधी विचारलंच नाही."

"विचारा, सरकार. थंडीत उभे असतील बिचारे."

ते घोड्यांचे लगाम धरून पायीच निघाले. रस्त्यानं लांबवर गेले तरी कुणी स्वार झालं नाही.

"गेले एकदाचे," बायको म्हणाली. "बसा आता."

"अजून दिसताहेत ते," गंग मान न वळवता म्हणाला.

तिनं हात सदऱ्याला पुसले, केस सारखे केले आणि तीही त्याच्याशेजारी ताठ उभी राहिली.