शिरीषाच्या शेंगा

"आई, हा बघ, हा सगळ्यात मोठ्यांदा वाजतो!" शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा दोऱ्याने बांधून केलेला खुळखुळा थोरलीने हलवून दाखवला.

थंडीच्या उन्हात अंगणात खेळणी करायचा घाट अनघाने तिच्यासाठी म्हणून घातला होता, पण तिचा स्वतःचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने खुळखुळा जवळजवळ हिसकावलाच आणि चटईवर बसवलेल्या बाळाच्या पाठीमागून वाजवला. बाळ पायाचा अंगठा ओढत राहिलं. तिने आणखी शेंगा बांधल्या. डावीकडून वाजवला, उजवीकडून वाजवला. कुंपणावरच्या साळुंक्या उडाल्या, पण बाळाने मान वळवली नाही. कानांची तपासणी उद्या होती आणि तिला उत्तर आत्ता हवं होतं.

"तू सारखी मागूनच काय वाजवतेस गं?" थोरली वैतागली. "त्याला कसं कळणार? दे इकडे."

तिने खुळखुळा भावाच्या मुठीत दिला आणि ती मूठ धरून जोरात हलवली. शेंगांतल्या बिया थरथरल्या. बाळाने डोळे मोठे केले. मग ते खुदकन हसलं आणि आपणच मूठ हलवू लागलं.

सकाळपासून पहिल्यांदाच अनघा बाळाच्या पाठीमागून उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.