गप्प्यांचा उपास

महापालिकेच्या हिवताप विभागातल्या कुंदाने हौदात बॅटरी मारली आणि कपाळाला हात लावला. डासांच्या अळ्या खुशाल वळवळत होत्या. त्या खाण्यासाठी तिनेच सोडलेले गप्पी मासे शेजारून निवांत फिरत होते, चांगले गरगरीत होऊन.

"काकू, माशांना काही घालता का हो?"

"म्हणजे काय! दोन्ही वेळ पोळी कुस्करून घालते. माझ्या दारात कुणी उपाशी राहत नाही."

"अहो, पोट भरल्यावर ते अळ्या कशाला खातील? गल्लीत डेंग्यूचे दोन पेशंट निघालेत. पुढच्या सोमवारी अळी दिसली, तर तुमच्या दारावर नोटीस मीच चिकटवणार. तोवर माशांना कडक उपास!"

"उपास ना? मग काळजीच सोडा. चाळीस वर्षं सोमवार करतेय मी."

सोमवारी कुंदा नोटीस पिशवीत घालूनच आली. अळ्या तशाच होत्या. मासे आणखी गुबगुबीत झाले होते, आणि हौदाच्या तळाशी काहीतरी पांढरं चमकत होतं.

"पोळीचा एक कण घातला असेल तर शपथ!" काकू ठसक्यात म्हणाल्या. "आठवडाभर नुसत्या साबुदाण्यावर आहेत बिचारे."