पुढच्या अ‍ॅक्सलचे तेल

'ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलमधील तेल अगदी काळे पडले आहे. खालचा नट इथे कुणाच्यानेही सुटत नाही. तरी आपण जातीने यावे,' असे बायकोचे, राहीचे पत्र मुंबईस पोहोचले आणि महिपतने मुकादमाची मनधरणी करून चार दिवसांची रजा मिळवली. पालीला एस.टी.तून उतरून तो तडक घरी आला. पिशवी ओटीवर ठेवली, आणि चहासाठीही न थांबता तो पाना घेऊन त्या छोट्या ट्रॅक्टरखाली शिरला. नट पहिल्याच हिसक्यास सुटला. घमेल्यात पडू लागलेले तेल मधाप्रमाणे स्वच्छ होते.

"राही, त्याल कोनी बदललान गो?"

"मीच. गेल्या आयतवारी."

"आनी पत्रात खोटा लिवलंस? मी तकडं मुकादमाच्या पाया पडलो!"

 ट्रॅक्टरखाली वाकून राही अत्यंत हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या मुंबैच्या खोलीत आलेला पत्र धा जनांम्होरं मोठ्यानं वाचतात. मंग मी दुसरा काय लिवायचा?"