झिलमिली

देवासच्या नव्या घराच्या खिडक्यांना पडदे नकोत, हे वैभवीनं आधीच ठरवून टाकलं होतं. आजेसासऱ्यांच्या, कैलासवासी मालोजीरावांच्या, फोटोत त्यांच्यामागे धारच्या घराची लाकडी पट्ट्यांची झिलमिली दिसायची. दुकानात हुबेहूब तसंच शटर दिसलं आणि तिनं ते सासूबाईंच्या, जानकीबाईंच्या खोलीसाठी पसंत केलं. "आपल्या सरदार घराण्याची शान आहे ही," ती नवऱ्याला म्हणाली. "आईसाहेब किती खूश होतील बघ!"

जानकीबाईंची अख्खी सकाळ त्याच खिडकीत जायची. धारला झिलमिलीआड, सासऱ्यांच्या धाकानं डोक्यावरून ओढलेला पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि "ओ भिया, मेथी ताजी है के कल की?" हा त्यांचा खणखणीत आवाज पार कोपऱ्यापर्यंत जायचा.

शटर बसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानं वैभवीला विचारलं, "भाभीजी, माँसाब बीमार हैं क्या?"

तिनं वर पाहिलं. पट्ट्यांच्या फटीत दोन बोटं दिसली आणि चटकन आत गेली.

वैभवी धावतच खोलीत शिरली. जानकीबाई हनुवटीपर्यंत पदर ओढून, भिंतीला चिकटून बसल्या होत्या.

"आईसाहेब, अहो, काय झालं? या पट्ट्या अशा वळवल्या ना, की बाहेरचं सगळं..."

जानकीबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि पदराआडूनच पुटपुटल्या,


"हळू बोल, सूनबाई. मामंजी घरी आलेत."