मोठ्या आवाजाचं यंत्र

“दोन्ही चालू करून दाखवा,” कौसल्या म्हणाली.

बद्रीनाथ शेटनं काउंटरवर दोन यंत्रं मांडली होती. दोन्ही कोइमतूरहून आलेली, दोन्ही घरच्या घरी कॉफीच्या बिया दळायची. जालन्यात अशा वस्तूला गिऱ्हाईक नव्हतं. तीन महिन्यांत विचारायला आलेलं हे पहिलंच जोडपं. अंबडचे धर्मराज गुरुजी आणि त्यांची बायको.

“मिक्सरमधलं पातं बी तोडतं,” शेट म्हणाला. “यात दातेरी चकत्या हायेत, जात्यागत. एक फिरती, एक बसती. दाणा बराबर एकसारखा पडतो.”

धर्मराजला ते माहीत होतं. हैदराबादला शिकताना लागलेली कॉफीची सवय त्याला सोडवली नव्हती.

पहिलं यंत्र सावकाश फिरलं. शेजारच्या खोलीत शिवणयंत्र चालावं, एवढाच आवाज. धर्मराजनं पूड चिमटीत घेतली. रव्यासारखी, गार. वास जराही उडाला नव्हता.

दुसरं लावलं तेव्हा काउंटरवरचा काचेचा ग्लास सरकला. रस्त्यावरच्या टांगेवाल्यानं वळून पाहिलं. पूड हाताला गरम लागली आणि वास करपट आला.

“गुरुजी, पहिलंच न्या,” शेटनं बटण बंद केलं. “याची मोटर जोरकस, पण चकत्या तापतात अन् बोंब फार. पहिलं लावलं तर शेजाऱ्याला पत्ताही लागणार न्हाई.”

“अन् हे लावलं तर?” कौसल्यानं विचारलं. “भिंतीपलीकडं जाईल आवाज?”

“भिंतीपलीकडं? बाई, घनसावंगीपर्यंत जाईल!”

ती हसली. धर्मराजही हसला, पण त्यानं दाराकडं एकदा पाहून घेतलं.

भिंतीपलीकडं पोलीस ठाण्यातले सर्जेराव जमादार राहत होते. भिंतीअलीकडं, मागच्या खोलीतल्या ज्वारीच्या कणगीत, पत्रकं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र दडवलेलं होतं. ते धाकट्या भावाचं, वसंताचं. आणीबाणी लागून सात महिने झाले होते, आणि तेवढेच महिने वसंता भूमिगत होता. जिनिंगमधल्या कामगारांची संघटना त्यानं बांधली होती. त्याच्यावर वॉरंट होतं. कधी वडीगोद्रीच्या बाजूनं, कधी आष्टीकडून तो न सांगता यायचा, दीड-दोनशे पत्रकं काढायचा आणि तासाभरात निघून जायचा. यंत्राचा दांडा फिरला की खडखड भिंतीतून पलीकडं जायची.

गेल्या खेपेला जमादारांनी दारात गाठून विचारलंच. “गुरुजी, सकाळी सकाळी काय खडखडून राह्यलंय?”

“कॉफी दळतोय,” धर्मराज बोलून गेला. घरात होता फक्त खलबत्ता.

त्या दिवसापासून कौसल्याची झोप उडाली. शाळेतल्या रखमाजी मास्तरांना भर वर्गातून उचललं होतं. फळ्यावरचं गणित अर्धं राहिलं होतं. चार महिन्यांत घरच्यांना त्यांचं तोंड दिसलं नव्हतं.

“भावजी एकटे हायेत,” ती एकदाच म्हणाली होती. “तुमच्यामागं दोन लेकरं हायेत.” चार दिवसांनी तिनंच विषय काढला, “चला, जालन्याला जाऊन खरंच यंत्र आणू.”

“मोठ्या आवाजाचं बांधा,” आता ती शेटला म्हणाली.

“कमाल हाय, बाई. लोक आवाज नको म्हणतात.”

“यांचे डोळे उघडत न्हाईत सकाळी. आवाजानं तरी उठतील.”

धर्मराजनं मनातल्या मनात तिला दाद दिली. चांगल्या कॉफीचा मोह त्यानं तिथंच सोडला.

एसटीत तो हळूच म्हणाला, “रोज लावत जाऊ. जमादारांच्या कानाला सवय पडली म्हंजे झालं.”

“रोज कशाला? बिया कुठं मिळतात इथं? भावजी आले की लावू. तेवढं पुरे.”

“पण मंग…”

“तुम्ही आता डोकं चालवू नका. एकदा चालवलंत तेच लई झालं.”

चूक त्याचीच होती. तो खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या बघत बसला.

दहाव्या दिवशी सकाळी वसंता आला. बाजाराचा दिवस होता. डोक्यावर मेथीची पाटी, दाढी वाढलेली. तो मागच्या दारानं आत शिरला. लेकरं बाहेर खेळायला गेली होती. कौसल्यानं त्याला भाकरी आणि पिठलं वाढलं.

“वहिनी, हे धूड कशाचं?” फडताळातल्या यंत्राकडं बघत त्यानं विचारलं.

“कॉफीचं. तुमच्यासाठीच आणलंय, भावजी.”

“मला मालक लोकांची कॉफी पाजून बिघडवता व्हय?”

“बिघडायचं काय राहिलंय तुमच्यात? बसा निवांत. पोटभर जेवा.”

धर्मराज हसला. बऱ्याच महिन्यांनी या घरात कुणी कुणाची थट्टा केली होती. वसंताच्या मनगटाची हाडं वर आली होती. त्याला आधी खाऊ द्यावं म्हणून कणगीतलं यंत्र कुणी काढलं नव्हतं. शाईचा डबा त्याच्या पिशवीतच होता.

कौसल्या उठली. तिनं यंत्रात बिया ओतल्या, झाकण लावलं आणि बटण दाबलं. मांडणीवरची भांडी थरथरली.

“अगं, आत्ता कशाला?” धर्मराज ओरडला. “त्यानं अजून काम सुरू केलं न्हाई. बंद कर!”

तिनं बंद केलं नाही. बिया संपल्या, चकत्या रिकाम्याच फिरू लागल्या, तरी तिचं बोट बटणावरून निघालं नाही. वसंता तिच्याकडं पाहत राहिला. त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली.

मागच्या दारावर धक्का बसला. मग पुढच्या.

धर्मराज उठू लागला, तसा कौसल्यानं दुसऱ्या हातानं त्याचा खांदा दाबून धरला.

“तुम्ही बसून राहा,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “तुमचं नाव कुठंच येणार न्हाई. जमादारांनी शब्द दिलाय.”