घरी धाडलेलं पत्र

सलग तिसऱ्या वर्षी नदीनं मका वाहून नेला, त्याच आठवड्यात सिडनीचा शिपाई मलाकीच्या शेतावर काळ्या पाण्याची शिक्षा होऊन बोटीनं आलेला नवा कैदी मजूर सोडून गेला. मलाकीनं थकलेली मान वर केली. समोर फिंटन उभा होता, आयर्लंडात राहिलेला त्याचा धाकटा भाऊ.

"काय केलंस रे?"

"मेंढी चोरली. ठाणेदाराच्या दारावरूनच नेली, म्हणजे त्याला शोधत बसायला नको."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"दादा, तुझं पत्र फादरनी सगळ्या गावाला वाचून दाखवलं. शिक्षा संपून बेड्या सुटल्या, स्वतःची जमीन झाली, दिवसातून तीनदा मटण. तिकडं आमचे बटाटेसुद्धा कुजले."

बोलता बोलता फिंटनची नजर चुलीवरच्या पातळ पेजेवर गेली.

मलाकी चिखलातच खाली बसला. "आईच्या जिवाला घोर नको म्हणून लिहवून घेतलं होतं ते. आता तिच्याजवळ कोण आहे?"

फिंटननं टोपी काढून हातात धरली.

"तिनं दोन मेंढ्या नेल्या. म्हणाली, या वयात एका मेंढीवर इकडं पाठवतील न पाठवतील. कैदी बायकांची बोट मागून येतेय."