दहापर्यंतचं मौन

लेक घरी अखंड टकळी चालवायची. या नव्या देशातल्या शाळेत मात्र वर्षभर तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. तिची वाचा मोकळी व्हावी म्हणून मी रोज सकाळी दहापर्यंत मौन पाळू लागले. "देवाला वाटेल, मायलेकींनी मिळून संप केलाय," हे चिडवायचे. एकदा पावणेदहाला शाळेतून फोन आला. "पोट धरून बसलीय. फोन देते तिला," बाई म्हणाल्या. साऱ्या वर्गासमोर तिचा बारीक आवाज आला, "आई?" माझी ओ जिभेवर आली होती. पण व्रत मोडलं तर आलेली वाचा जाईल, या धास्तीने मी फोन कानाशी दाबून गप्प राहिले. "आई, ऐकतेस ना?" मग फोन ठेवला गेला. दहाच्या ठोक्याला मीच फोन लावला. बाई म्हणाल्या, "देतेय हो, पण ती हात पाठीमागे बांधून उभी आहे."